जीपीएसने डिलिव्हरीची खात्री: ठाणे-नवी मुंबईतले टॉवर, गल्ल्या आणि गाळ्यांसाठी कामाची पद्धत

ॲपमध्ये ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, नकाशावर हिरवी टाचणी आहे आणि ग्राहक सांगतो की पार्सल आलंच नाही. अशा वेळी बहुतेक दुकानदार नकाशाचा स्क्रीनशॉट पुढे करतात आणि तिथेच त्यांची बाजू लंगडी पडते. ती टाचणी रायडरच्या मोबाईलची जागा दाखवते. पार्सल कोणाच्या हातात गेलं, हे त्यावरून कळत नाही. मोबाईलची जागासुद्धा किती मीटरच्या फरकाने धरायची, हे स्क्रीनशॉटमध्ये नसतं.

ही नोंद कामाची ठरण्यासाठी चार गोष्टी एकाच फेरीत, ठरलेल्या क्रमाने घेतलेल्या असाव्या लागतात: जागा, त्या जागेची अचूकता, वेळ आणि हातात दिल्याचा पुरावा. एक जरी सुटली तरी बाकीच्या तिघींचा जोर जातो. स्वतःचे रायडर ठेवून घरपोच माल देणारे मेडिकलवाले, केक आणि डबेवाले, किराणा दुकानं, छोट्या कुरिअर फ्रँचायझी यांना डोळ्यांपुढे ठेवून पुढचे टप्पे लिहिले आहेत.

टप्पा १: पत्ता आधी सरळ करा

बऱ्याच चुका रायडर दुकानातून निघण्याआधीच झालेल्या असतात. नवी मुंबईत ‘सेक्टर १५’ एवढ्याने काहीच ठरत नाही. वाशीत सेक्टर १५ आहे, नेरूळमध्ये आहे, बेलापूरमध्ये आहे आणि खारघरमध्येही आहे. म्हणून ऑर्डर घेताना नोड (म्हणजे वाशी, नेरूळ असा भाग), सेक्टर, प्लॉट नंबर, सोसायटी, विंग आणि फ्लॅट असे सहा वेगळे रकाने ठेवा. सगळा पत्ता एका ओळीत लिहू देऊ नका. पिनकोड हा सातवा रकाना, आणि तो नोडशी जुळतोय का ते लगेच बघा: वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, ऐरोली ४००७०८, खारघर ४१०२१०. नोड वाशी आणि पिनकोड ४१०२१० असेल, तर तिथेच थांबून ग्राहकाला फोन करा.

ठाण्यात घोळ वेगळा आहे. घोडबंदर रोडवर एकाच बिल्डरचे एकसारख्या नावाचे तीन-तीन फेज असतात आणि नकाशा सगळ्यांना मुख्य रस्त्यावरची एकच टाचणी देतो. सर्व्हिस रोड कोणत्या बाजूचा आणि गेट कोणतं, हे लिहून घ्यावंच लागतं. नौपाड्यात आणि कोपरीत जुन्या इमारतींची नावं जवळजवळ सारखी असतात, तिथे समोरच्या दुकानाची खूण मागा.

ग्राहकाकडून डिजिपिन मिळाला तर उत्तम. टपाल खात्याने २०२५ मध्ये सुरू केलेला हा दहा अक्षरांचा कोड जवळपास ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन सांगतो. गुगल मॅप्सचा नेहमीचा प्लस कोड त्याहून मोठा, साधारण १४ मीटरचा चौकोन देतो. मात्र दोन्हींत मजला किंवा फ्लॅट नसतो. ते रकाने रिकामे सोडता येणार नाहीत.

*सावधान:* पत्ता टाकून संगणकाने दिलेले अक्षांश-रेखांश थेट खरे मानू नका. गुगलच्या उत्तरासोबत त्याचा दर्जाही येतो. ‘रूफटॉप’ असेल तर बरं. ‘जिओमेट्रिक सेंटर’ किंवा ‘अप्रॉक्झिमेट’ असेल तर तो बिंदू सोसायटीच्या किंवा अख्ख्या सेक्टरच्या मध्यावर टाकलेला असतो. त्यावरून रायडरचं अंतर मोजलं, की इमानदार माणूस दोनशे मीटर लांब दिसतो.

टप्पा २: संदर्भबिंदू प्रत्यक्ष जाऊन घ्या

ज्या सोसायट्यांमध्ये महिन्यातून अनेकदा माल जातो, तिथले बिंदू स्वतः नोंदवा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून सगळे टाळतात. पण पुढचा सगळा हिशेब याच बिंदूवर उभा असतो.

विंगच्या प्रवेशदाराबाहेर, डोक्यावर आकाश असेल अशा जागी उभे राहा. लॉबीत नको, पोडियम पार्किंगखाली तर मुळीच नको. अचूकता दाखवणारं जीपीएस टेस्टसारखं मोफत ॲप उघडा आणि आकडा १० मीटर किंवा त्याखाली येईपर्यंत थांबा. मग दहा-दहा सेकंदांनी सहा रीडिंग घ्या. अक्षांशांच्या सहा आकड्यांतले सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा काढून टाका आणि उरलेल्या चारांची सरासरी धरा. रेखांशाचंही तसंच करा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा घ्या, कारण उपग्रहांची मांडणी दिवसभर बदलत असते. दोन्ही दिवसांचे बिंदू एकमेकांपासून १५ मीटरच्या आत असले की बिंदू पक्का.

मोठ्या सोसायटीत किमान दोन प्रकारचे बिंदू हवेत: मुख्य गेटचा एक, आणि प्रत्येक विंगचा एक. गेटपासून शेवटचा टॉवर दीड-दोनशे मीटर आत असतो. फक्त गेटचा बिंदू ठेवलात तर गेटवरूनच बटण दाबणारा रायडर हिरवा (म्हणजे बरोबर जागी) दिसेल आणि वर जाऊन आलेला लाल (म्हणजे लांब). रंगांचा नियम टप्पा ६ मध्ये आहे.

*तपासा:* अक्षांश १९ ने आणि रेखांश ७२ किंवा ७३ ने सुरू होतोय ना? दोन्हींची अदलाबदल झाली तर तुमचं ठाण्याचं पार्सल नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात दिसेल. दशांशानंतर पाच आकडे हवेत. पाचवा आकडा म्हणजे सुमारे १ मीटर, चौथा ११ मीटर. एक्सेलच्या रकान्याने दोनच दशांश ठेवले तर सुमारे एक किलोमीटरच्या आतलं काहीच कळणार नाही. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे १९ अंश १२ मिनिटं ३० सेकंद हे १९.१२३० असं लिहिणं. बरोबर आकडा १९.२०८३ आहे. फरक नऊ किलोमीटरहून जास्त.

टप्पा ३: रायडरचा मोबाईल तयार करा

नवीन रायडर आला की त्याच्यासोबत बसून हे एकदा करा. तोंडी सांगून होत नाही.

१. लोकेशनची परवानगी देताना ‘प्रिसाइज’ चालू ठेवा. अँड्रॉइड १२ पासून वापरणाऱ्याला ढोबळ लोकेशन निवडता येतं, आणि ते साधारण ३ चौरस किलोमीटरचा परिसर सांगतं. डिलिव्हरीसाठी ते निरुपयोगी आहे.

२. बॅटरी सेव्हर बंद करा आणि तुमच्या ॲपसाठी ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या फोनमध्ये ऑटोस्टार्टची वेगळी परवानगीही द्यावी लागते. ती नसेल तर स्क्रीन बंद झाल्यावर फोन ॲप मारून टाकतो आणि दुपारभराच्या नोंदी गायब होतात.

३. तारीख आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’ वर ठेवा.

४. सेटिंग्जमधलं गुगलचं ‘लोकेशन ॲक्युरसी’ चालू असू द्या. त्यामुळे आकाश झाकलेलं असताना वायफाय आणि मोबाईल टॉवरवरून अंदाज मिळतो. त्याची एक खोड माहीत असावी: राउटर घर बदलताना मालकासोबत जातो, आणि काही दिवस फोनला जुन्याच पत्त्यावर नेऊन बसवतो. एखाद्या इमारतीत सगळेच रायडर भलतीकडे दिसू लागले तर आधी हा संशय घ्या.

५. इंटरनेट चालू ठेवा. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि फोनला ती सलग ऐकू यावी लागते. इंटरनेट असेल तर तीच माहिती काही सेकंदांत उतरते. नसेल तर दोन टॉवरच्या मध्ये उभा असलेला फोन मिनिटभर चाचपडत राहतो.

फोन नवा घ्यायचाच असेल तर एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सी पकडणारा घ्या. भिंतीवर आपटून आलेला सिग्नल ओळखायला एल५ची मदत होते, आणि घोडबंदरच्या टॉवरांमध्ये तो फरक दिसतो.

पावसाने जीपीएस बिघडतो हा समज सोडून द्या. पावसाचे थेंब या सिग्नलला जवळजवळ अडवत नाहीत. पावसाळ्यात बिघडतात त्या दुसऱ्या गोष्टी: प्लॅस्टिकच्या पाऊचमधून फोटो धुरकट येतो, ओल्या स्क्रीनवर भलतंच बटण दाबलं जातं, आणि रायडर थेट पार्किंगच्या छपराखाली जाऊन नोंद करतो.

टप्पा ४: प्रत्येक नोंदीत काय साठवायचं

तयार ॲप घ्या किंवा कोणाकडून बनवून घ्या, पण पुढच्या गोष्टी साठतात का ते आधी विचारा: अक्षांश, रेखांश, अचूकतेचा आकडा मीटरमध्ये, लोकेशन पकडल्याची वेळ, बटण दाबल्याची वेळ, सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ, आणि लोकेशन कृत्रिम आहे का याचा शेरा. अनेक ॲप पहिले दोनच आकडे ठेवतात. अचूकतेशिवाय ठेवलेली जागा वादात टिकत नाही, कारण ५ मीटरची चूक आणि ५०० मीटरची चूक नकाशावर सारखीच टाचणी बनते.

तीन वेळा वेगळ्या ठेवायचं कारण साधं आहे. फोन कधीकधी ताजं लोकेशन न घेता मागचंच काढून देतो. पकडल्याची वेळ बटणाच्या वेळेपेक्षा १५ सेकंदांहून जुनी असेल तर ॲपने ते लोकेशन नाकारून नवीन घ्यायला हवं. लिफ्टमध्ये आणि आतल्या पॅसेजमध्ये नेटवर्क जातं, त्यामुळे नोंद फोनमध्ये साठून खाली आल्यावर वर चढते. ‘सर्व्हरची वेळ’ एवढीच ठेवलीत तर प्रत्येक डिलिव्हरी पाच-दहा मिनिटं उशिरा दिसेल.

*सावधान:* सर्व्हर बहुतेकदा जागतिक वेळ ठेवतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. पहाटे ५.१० ला दिलेलं दूध तिथे आदल्या दिवशीचं २३.४० म्हणून दिसतं. दूध आणि पेपरवाल्यांच्या हिशेबात ‘काल दोनदा, आज एकदाही नाही’ असा गोंधळ याचमुळे होतो. अहवाल काढताना वेळ भारतीय करूनच तारखा लावा.

रायडरचा पाठलाग करू नका. डिलिव्हरीच्या क्षणांची लोकेशन पुरेशी असतात, ड्यूटी संपल्यावर ॲपने लोकेशन घेणं थांबवायला हवं. काय साठवतो, कशासाठी आणि किती दिवस, हे मराठीत लिहून त्याची संमती घ्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचा रोखही असाच आहे. त्याखेरीज, आपल्यावर पाळत नाही हे पटलेला रायडर नोंदी नीट करतो.

टप्पा ५: गेटपासून दारापर्यंतचा क्रम

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा क्रम छापून रायडरच्या बॅगेत ठेवा.

१. विंगच्या बाहेर, उघड्यावर: ‘पोहोचलो’. गाडी लावून फोन हातात घ्या. खिशात किंवा डिकीत नको. २०-३० सेकंद थांबा, अचूकता २० मीटरच्या आत आली की बटण दाबा. जागेचा खरा पुरावा हाच, कारण पुढे वर गेल्यावर सिग्नल खराबच होणार आहे.

२. दारात: फोटो. एकाच फोटोत फ्लॅट नंबरची पाटी आणि पार्सलचं लेबल दोन्ही यायला हवं. नुसत्या पार्सलचा फरशीवरचा फोटो कुठल्याही मजल्याचा असू शकतो. माणसांचे, विशेषतः मुलांचे चेहरे नकोत.

३. आधी पार्सल, मग ओटीपी. पार्सल हातात दिल्यावर ओटीपी घ्या. गेटवरून फोन करून ‘ओटीपी सांगा, वर येतोच’ म्हणणं सक्त बंद करा. तसा घेतलेला ओटीपी ‘मिळालं’ असं सिद्ध करत नाही, आणि ग्राहकाला फसवणुकीची शंका येते ती रास्तच असते.

४. दारातच: ‘दिलं’. इथे अचूकता ४०-५० मीटर आली तरी चालेल, ॲपने अडवू नये. खाली येऊन, चहाच्या टपरीवर बसून पाच पार्सलांची बटणं एकदम दाबणं ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडा.

सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवलेल्या पार्सलसाठी ‘गेटवर दिलं’ ही वेगळी नोंद हवी. सोबत वॉचमनचं नाव, रजिस्टरच्या पानाचा फोटो आणि ग्राहकाने फोनवर किंवा मेसेजवर दिलेला होकार. ‘डिलिव्हर्ड’ मध्ये हे मिसळलं की पुढचं सगळं मोजमाप बिघडतं.

घर बंद असेल तरी क्रम तोच: उघड्यावर लोकेशन, दाराचा फोटो, ॲपमधून केलेला कॉल, आणि पाच मिनिटं थांबल्यावर ‘घर बंद’. लोकेशनशिवाय ‘घर बंद’ नोंदवताच येऊ नये. ग्राहक दिवसभर घरात बसून असतो आणि त्याला ‘आपण उपलब्ध नव्हता’ असा मेसेज येतो, तो याच फटीतून.

*तपासा:* मजला जीपीएसवरून ठरवायचा प्रयत्न करू नका. उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा बरीच मोठी असते. शिवाय फोनमधली कच्ची उंची समुद्रपातळीपासून मोजलेली नसते, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर ती बऱ्याचदा शून्याच्या खूप खाली दिसते. मजला सांगतो तो पाटीचा फोटो.

टप्पा ६: अंतर मोजा, मग रंग ठरवा

ठाणे-नवी मुंबईत अक्षांशातला ०.००१ चा फरक म्हणजे १११ मीटर आणि रेखांशातला तेवढाच फरक म्हणजे १०५ मीटर. एवढ्यावर एक्सेलमध्ये अंतर काढता येतं. नमुन्यादाखल संदर्भबिंदू १९.२५१००, ७२.९७००० आणि नोंद १९.२५१४०, ७२.९७०५० असं धरा. उत्तर-दक्षिण फरक ४४ मीटर, पूर्व-पश्चिम ५३ मीटर. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की सरळ अंतर ६९ मीटर.

आता मर्यादा. सुरुवातीला सुट्या इमारतीला किंवा चाळीला ४० मीटर, टॉवरच्या विंगला ६० मीटर ठेवा. मग नियम असा:

- अंतर अधिक अचूकता हे मर्यादेच्या आत असेल तर हिरवा.
- अंतर वजा अचूकता हे मर्यादेच्या बाहेर असेल तर लाल.
- मधलं सगळं पिवळं, आणि तिथे फोटो-ओटीपीवरून माणसाने ठरवायचं.

वरच्या उदाहरणात अचूकता १५ मीटर आणि मर्यादा ६० असेल तर ६९ अधिक १५ म्हणजे ८४, मर्यादेबाहेर. ६९ वजा १५ म्हणजे ५४, मर्यादेच्या आत. म्हणून पिवळा. फक्त ६९ बघून लाल ठरवला असता तर तो अन्याय झाला असता.

फोन जो अचूकतेचा आकडा देतो तो साधारण ६८ टक्के खात्रीचा असतो. म्हणजे तीनातल्या एका वेळी खरी जागा त्या वर्तुळाबाहेर असू शकते. म्हणूनच रायडरला जाब विचारण्याआधी अचूकतेचा आकडा दुप्पट करून लालचा नियम पुन्हा लावा. तरीही लाल राहिला तरच बोला.

जागेप्रमाणे मर्यादा बदलावी लागते. हिरानंदानी इस्टेटसारख्या उंच इमारतींच्या दाटीत सिग्नल काचेवर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि बिंदू रस्त्यापलीकडे उडी मारतो. किसननगर, लोकमान्यनगरच्या गल्ल्यांत आकाशाची एक पट्टीच दिसते, त्यामुळे नोंदी गल्लीच्या आडव्या दिशेने सरकतात. वाशी एपीएमसीतले गाळे आणि तुर्भे-महापे एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेड यांत सिग्नल जवळजवळ शिरतच नाही. वाशी आणि बेलापूर स्टेशनच्या इमारतींतल्या ऑफिसांचंही तसंच. अशा ठिकाणी मर्यादा आंधळेपणाने २०० मीटर करू नका, त्याने शेजारच्या दहा इमारतीही हिरव्या होतात. बाहेरची ‘पोहोचलो’ नोंद सक्तीची करा आणि आतल्या पुराव्यासाठी शिक्का, सही किंवा ओटीपीवर भर द्या.

शेजारच्या दोन विंग ३० मीटरवर असतील तर ए विंग की बी विंग हे जीपीएस सांगू शकत नाही. ते त्याच्याकडून मागूच नका.

टप्पा ७: खोट्या नोंदी ओळखा

अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये कृत्रिम लोकेशन देणारं ॲप निवडता येतं. तसं लोकेशन आलं की फोन ॲपला शेरा देतो, तो साठवा. पण शेरा लपवणारेही असतात, म्हणून आकड्यांची चाल बघा. खरं जीपीएस कधी स्थिर नसतं, शेवटचे दशांश हलतातच. दहा डिलिव्हऱ्यांत सातव्या दशांशापर्यंत तेच आकडे, किंवा अचूकता प्रत्येक वेळी तंतोतंत तीच, हे संशयाचं लक्षण. खारघर आणि कासारवडवली इथल्या दोन नोंदींमध्ये दहा मिनिटं असतील तर अंतर भागिले वेळ करून बघा, उत्तर आपोआप मिळेल.

मात्र एकाच टॉवरमध्ये चार मिनिटांत तीन डिलिव्हऱ्या खऱ्याही असतात. तिथे फोटोतल्या पाट्या वेगळ्या आहेत का एवढं बघून पुढे जा.

टप्पा ८: तक्रार आली तर

मूळ नोंद हात न लावता उतरवून घ्या: दोन्ही लोकेशन, अचूकता, तिन्ही वेळा, मूळ फोटो, ओटीपी जुळल्याची नोंद. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची माहिती निघून जाते. रायडरकडून फोटो मागवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. फोटोवर छापून येणारा पत्ता आणि नकाशा पुरावा म्हणून एकटा धरू नका, तो जुन्या लोकेशनवरूनही छापला जातो.

प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत जाण्याची चिन्हं दिसली तर वकिलाला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) खालच्या प्रमाणपत्राबद्दल लगेच विचारा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, तिची ओळख पटवणारा कोड) लिहावी लागते, म्हणून ती फाइल उतरवल्या दिवशीच काढून ठेवा. नंतर कोणी एक्सेल उघडून नुसतं सेव्ह केलं तरी हॅश बदलते.

ग्राहकाला उत्तर देताना नकाशा आधी पाठवू नका. ‘आमचा माणूस अमुक वेळी तुमच्या विंगखाली होता, पार्सल अमुक नंबरच्या दारात दिलं, ओटीपी अमुक वेळी जुळला’ एवढं लिहा आणि दाराचा फोटो जोडा. अनेकदा पार्सल घरातल्याच कोणी घेतलेलं असतं आणि फोटो बघून ते आठवतं.

महिन्यातून एकदा पिवळ्या नोंदी सोसायटीनुसार लावून बघा. एकाच विंगला सगळ्याच रायडरांच्या नोंदी पिवळ्या येत असतील तर तुमचा संदर्भबिंदू चुकला आहे, किंवा बांधकामामुळे सोसायटीचं गेट दुसरीकडे गेलं आहे. घोडबंदर पट्ट्यात हे सतत होतं. तिथे जाऊन नवा बिंदू घ्या, पण जुना पुसू नका. त्यावर कोणत्या तारखेपर्यंत लागू होता ते लिहा, कारण त्या काळातल्या डिलिव्हरीची तक्रार उद्या आली तर अंतर जुन्याच बिंदूपासून मोजावं लागेल.